वीरगळांच्या नोंदी सगळ्यांसाठी एकत्र कुठे ठेवायच्या?

कृष्णाकाठ (सातारा):
नमस्कार मंडळी, आम्ही चार-पाच जण दर रविवारी गाड्या काढून वाई, कराड भागातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), सतीशिळा (सती गेलेल्या बायकांचे) नोंदवतोय, पण प्रत्येकाची एक्सेल वेगळी, एक जण कराड लिहितो दुसरा कऱ्हाड, मग शोधलं की निम्मंच सापडतं. त्यात गेल्या पावसाळ्यात एकाची हार्ड डिस्क गेली, एका वीरगळाचे शेंदूर लावायच्या आधीचे फोटो त्यातच होते. आता दगडावर नुसता शेंदराचा थर, खालचा लढणारा वीर दिसतच नाही. फार जीवाला लागलं. कायमची जागा कशी करायची?

मिरजवाला:
आधी शब्द ठरवा, सॉफ्टवेअर नंतर. प्रत्येक दगडाला एक नंबर द्या, तो कधीच बदलायचा नाही, गावाची दोन्ही नावं त्याच नंबरखाली. मापं सेंटिमीटरमध्ये, कुणी कधी पाहिलं ते पण. एक्सेलची सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) काढून ठेवा, ती कशातही उघडते. मग झेनोडोवर टाका, ते संशोधनाच्या डेटाचं ऑनलाइन भांडार, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने २०१३ ला सुरू केलंय, फुकट आहे आणि डीओआय (फाइलचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो.

सांगलीची ताई:
पण अक्षांश-रेखांश उघड टाकू नका हो! मूर्ती चोरीला जातात. लोकांना तालुका दिसला तरी पुरे, नेमकी जागा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, अभ्यासकाने मागितली तर द्या. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात १९९६ पासून पुरातत्त्वाच्या डेटाचं असं सामायिक भांडार चालू आहे, त्यांच्या मार्गदर्शिका वाचा.

कृष्णाकाठ:
ताई, हे डोक्यातच नव्हतं. रविवारी नंबर टाकायला बसतो.