ऊसतोडीतली मुलं मोजायची कशी: तासांवर की शाळेच्या हजेरीवर?

वाढ्याची मोळी:
येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. म्हणजे प्रगणक दारात येतील तेव्हा बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्याच्या गटात कोप्या, म्हणजे खोपटं, टाकून बसलेल्या असतील. म्हणून आत्ताच बोलूया.

2011 च्या जनगणनेत 5 ते 14 वयाची काम करणारी मुलं देशात सुमारे 1 कोटी 1 लाख निघाली. उसाच्या फडातली पोरं त्यात नीट आली असतील असं मला वाटत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर, मजुरी टनावर. दहा वर्षांची मुलगी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते, मोळी बांधायला हात लावते, पण तिचं काम आईबापाच्या टनात जिरून जातं. टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत तिच्या नावाची ओळ नसते. बापाला विचारा, "पोरगी काय करते?" तो म्हणणार, "शाळेत जाते." तो खोटंही बोलत नाही, गावच्या पटावर तिचं नाव असतंच. म्हणून प्रश्न मुलीलाच विचारा, हंगामात विचारा, तास मोजा.

सातबारा:
ताई, तळमळ कळते, पण तास मोजायला माझा विरोध आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मोजणीत 5 ते 11 वयाच्या मुलानं आठवड्यात एक तास जरी असं काम केलं तरी तो बालमजूर. 12 ते 14 साठी मर्यादा 14 तासांची. माझा आठ वर्षांचा पुतण्या रविवारी कांदा लावताना रोपं हातात देतो. तो आणि फडातली पोरगी एकाच रकान्यात? आपल्याकडच्या 2016 च्या कायदादुरुस्तीनं शाळा सांभाळून घरच्या कामात मदतीला मुभा दिलेली आहे, धोक्याचं काम सोडून. शाळा बुडते का, एवढंच मोजा.

एक गुरुजी:
सातबाराभाऊ, हजेरीवर भिस्त ठेवू नका. मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. दिवाळी झाली की माझा वर्ग निम्मा होतो, पट मात्र जसाच्या तसा. काही लेकरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, बाकीची टायरगाडीवर बसून जातात. पाहणी जुलैत झाली आणि "गेल्या सात दिवसांत काम केलं का" असं विचारलं, तर सगळी शाळेतच सापडतील.

वाढ्याची मोळी:
गुरुजी, अगदी हेच. आणि जी फडातही जात नाही तिचं काय? पहाटे आई कोयता घेऊन निघते, तेव्हा सहा महिन्यांचं भावंड हिच्या कडेवर येतं. पाणी, भाकरी, कोपीची राखण, सगळं तिच्याकडे. ती ना कामात मोजली जाते, ना शाळेत असते. सातबारादादा, तुमच्या पुतण्याला या मोजणीतून वेगळं काढायला मी तयार आहे. पण त्यासाठीही तासच लागतील ना? आठवड्याचे दोन आणि दिवसाचे दहा यातला फरक तास विचारल्याशिवाय कसा दिसणार?

सातबारा:
भावंडं सांभाळण्याचा मुद्दा मान्य. तो हजेरीत येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण एक भीती राहतेच. आकडा आला की बोट आईकडे दाखवणार. उचल देऊन बांधून ठेवणारा मुकादम आणि पोरांची सोय न करणारा कारखाना बाजूला. मुलीचे तास लिहाल, तर त्याच कागदावर कोयत्याची उचल किती, फेडायची राहिली किती आणि जवळची साखरशाळा, म्हणजे ऊसतोडीच्या मुलांसाठीची हंगामी शाळा, चालू आहे की बंद, हेही लिहा. नाहीतर मी विरोधातच.

वाढ्याची मोळी:
हे तिन्ही रकाने हवेतच. माझा हट्ट एवढाच, की मुलीला "काम करतेस का?" असं विचारू नये. ती "नाही" म्हणेल, तिच्या लेखी ते काम नाहीच. "काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलंस?" असं विचारावं, आणि त्या वेळी बाप नि मुकादम शेजारी नसावेत.

एक गुरुजी:
आणि संध्याकाळी विचारा. दिवसा कोपीवर कुणी मोठं माणूस नसतं, म्हणून मोजणारा तसाच परत जातो.