फेसच्या जुन्या शहरातील बाजार : आईला घेऊन कसे फिरावे?

मांडवीतीर (पणजी)

नमस्कार. दिवाळीनंतर आई आणि मी मोरोक्कोला जाणार आहोत. ठरावीक सहलींमध्ये माराकेश आणि वाळवंट यांच्या मध्ये फेस शहराच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. ते आम्हांला नको असल्यामुळे बाकी सर्व वगळून फेसलाच मुक्काम करायचे ठरवले आहे. आईने सत्तरी ओलांडली आहे. तिला चालण्याची हौस आहे, पण गुडघ्यांमुळे चढ सोसवत नाही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ती सहसा चुकवत नाही, आणि खरेदीपेक्षा वस्तू घडताना कारागिराजवळ उभे राहून पाहण्यात तिला अधिक आनंद वाटतो. जुन्या शहरात मोटारी जात नाहीत असे वाचले. मग चढ टाळून कसे फिरावे? वाटाड्या घ्यावा का? कातडी कमावण्याचे हौद खरोखर पाहण्यासारखे आहेत, की तो पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे? आई सोमवार पाळते, तेव्हा त्या दिवशी तिला काय खाता येईल, हेही कृपया सांगावे.

डिचोलीकर

ताई, एकाच शहरात राहण्याचा आपला निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

चढाची अडचण शहराच्या रचनेमुळेच सुटते. फेस अल-बाली, म्हणजे जुने फेस, नदीच्या खोऱ्यात उतरत गेलेले आहे. बाब बू जलूद हा पश्चिमेचा दरवाजा वरच्या अंगाला आहे, करवीयीन मशिदीचा परिसर तळाशी आहे, आणि या दोहोंना जोडणारा तलआ कबीरा हा मुख्य रस्ता बहुतांशी उताराचा आहे. म्हणून सकाळी टॅक्सीने दरवाजापाशी उतरावे, बाजार पाहत सावकाश खाली यावे आणि तळाच्या रसीफ चौकातून टॅक्सीनेच परतावे, कारण त्या चौकापर्यंत मोटारी येतात. फेसच्या लहान टॅक्सी लाल रंगाच्या असतात, त्यांत तीनच प्रवासी घेतात आणि रात्री भाडे दीडपट होते. मुक्कामाचे घर निवडतानाही ते या दोन ठिकाणांपैकी एकाच्या जवळ आहे ना, हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर सामानासह गल्ल्या चढाव्या लागतील. उतरताना आईंना भिंतीच्या बाजूने चालवावे. माल लादलेली खेचरे मागून येतात, हाकणारा ‘बालाक’ अशी आरोळी देतो, आणि ती ऐकताच बाजूला व्हायचे असते.

बाजार धंद्यांनुसार वसलेला आहे. मसाले आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांची अत्तारीन पेठ मशिदीला लागून आहे, तर रंगारी आणि कातडी कमावणारे यांना पाणी लागते म्हणून ते नदीकाठी आहेत. आईंना सर्वांत जास्त वेळ सफ्फारीन चौकात लागेल असे वाटते. हा तांबटांचा चौक आहे, आणि करवीयीनचे जुने ग्रंथालय याच चौकात उघडते. तिथे मी एका तांबटाला लग्नकार्याच्या स्वयंपाकाचे भले मोठे पातेले घडवताना पाहिले. पातेले लोखंडी दांड्यावर पालथे घातलेले होते, समोर बसलेला मुलगा ते बोटभर फिरवी आणि थांबे, मग ठोका पडे. बराच वेळ हे चालले होते आणि त्यांच्यात एका शब्दाचीही देवाणघेवाण झाली नाही. शेजारच्या चहाच्या दुकानात बसून हे सर्व निवांत पाहता येते. चौकातून एकदाच जाऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. तेच भांडे पुढच्या टप्प्याला पोहोचलेले दिसते आणि कारागीरही ओळख दाखवतो.

अंत्रुज (फोंडा)

डिचोलीकरांनी सांगितलेला क्रम उत्तम आहे. वाटाड्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. पहिल्या दिवशी अधिकृत परवाना असलेला वाटाड्या अर्ध्या दिवसासाठी घ्यावा आणि दुकानांत न्यायचे नाही, असे त्याला आधीच बजावावे. एका वाटाड्याने आम्हांला गालिच्यांच्या एका दुकानात तासाहून अधिक वेळ बसवून ठेवले, आणि त्यात मशिदीजवळची अत्तारीन मदरसा पाहायची राहून गेली. ‘रस्ता बंद आहे’ असे सांगून दुसरीकडे वळवणारी मुले भेटली तर नम्रपणे नकार देऊन पुढे चालावे.

कातडी कमावण्याचे शुवारा येथील हौद हा देखावा नाही. तो शेकडो वर्षे चालत आलेला आणि आजही पोटापाण्याचा असलेला धंदा आहे. पांढरट हौद आधी पाहावेत. कच्ची कातडी चुना, मीठ, पाणी आणि गोमूत्र यांच्या मिश्रणात भिजवतात, त्यामुळे केस आणि चरबी सुटते. ती खरवडून काढल्यावर कातडी कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात टाकतात, कारण त्यातील अमोनियामुळे ती मऊ पडते. कामगार मांड्यांपर्यंत त्या पाण्यात उतरून पायांनी कातडी तुडवतात. त्यानंतर रंगाच्या हौदांची पाळी येते, आणि शेवटी कातडी छपरांवर वाळत घालतात. हे सारे आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून दिसते. वर जाताना दुकानदार पुदिन्याची काडी देतो. दुर्गंधी खरोखर उग्र आहे, आईंना ती सोसेल का याचा विचार करावा, आणि गच्चीवर जायला जिने चढावे लागतात हेही लक्षात ठेवावे. काही घ्यायचे नसेल तर थोडी बक्षिसी द्यावी. माझी एकच विनंती आहे. खाली काम करणाऱ्या माणसांवर कॅमेरा रोखून धरू नये. उन्हापावसात एवढे कष्टाचे काम करणाऱ्याला कोणीतरी वरून सतत न्याहाळत राहणे आपल्याला आपल्या गावात आवडले नसते.

घासाघीस करायला संकोचू नये, पण घ्यायचेच नसेल तर भाव विचारू नये. दिरहाम हे तिथले चलन तिथेच बदलून घ्यावे आणि निघण्यापूर्वी उरलेले पुन्हा बदलून टाकावे.

मठग्राम (मडगाव)

मी इतिहास शिकवत असे, म्हणून एक संदर्भ आवर्जून देतो. इब्न बतूता हा मोरोक्कोतील तांजियरचा प्रवासी चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकात आपल्या किनाऱ्यावर होता. होन्नावरच्या सुलतानाने सिंदाबूरवर केलेल्या स्वारीत तो स्वतः सामील झाला होता, आणि सिंदाबूर म्हणजे आपला गोवा असे अभ्यासक मानतात. पुढे मायदेशी परतल्यावर फेसच्या अबू इनान या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला सारा प्रवास इब्न जुझय्य या लेखकाला सांगितला, आणि ते लेखन 1355 मध्ये पूर्ण झाले. म्हणजे आपल्या भूमीचे एक मोलाचे समकालीन वर्णन फेसमध्ये कागदावर उतरले. बाब बू जलूदमधून आत शिरताच लागणारी बू इनानिया मदरसा याच सुलतानाने त्याच दशकात बांधली. करवीयीन मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, उघड्या दारातूनच अंगण पाहता येते. या मदरशाचे अंगण मात्र सर्वांना खुले आहे, म्हणून तिथे घाई करू नये.

तिथल्या भिंतींवरील झेलीज काम, म्हणजे फरशीच्या तुकड्यांची नक्षी, बारकाईने पाहावे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा सभागृहातील निळ्या फरशा आपण पाहिल्या असतील. त्यांत फरशीवर चित्र रंगवलेले असते. फेसमध्ये चित्र रंगवत नाहीत. एकरंगी फरशी छिन्नीने तासून तिचे तारे, पाकळ्या, पट्ट्या असे लहान तुकडे काढतात, ते रंगीत बाजू खाली ठेवून जुळवतात आणि मागून गिलावा ओततात. जुळवताना कारागिराला रंग दिसत नाहीत, सगळी नक्षी त्याच्या मनात असते.

पोर्तुगिजांचाही फेसशी जुना संबंध आहे. 1437 मध्ये तांजियरवरची त्यांची मोहीम फसली, तेव्हा राजपुत्र फर्नांडो ओलीस राहिला. त्याच्या सुटकेसाठी पोर्तुगिजांच्या ताब्यातील सेउता शहर परत करायचे ठरले होते. ते केले गेले नाही, आणि 1443 मध्ये फेसच्या बंदिवासातच त्याचा मृत्यू झाला. मांडवीच्या मुखात पोर्तुगीज गलबते येण्याच्या कितीतरी आधीची ही हकिकत आहे.

मांडवीतीर (पणजी)

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. मठग्राम सर, सिंदाबूरचा संदर्भ आईला वाचून दाखवला, तेव्हापासून ती बू इनानियाबद्दलच विचारते आहे. आमच्या मुक्कामात एक शुक्रवार येतो. त्या दिवशी फेसमध्येही मोठा बाजार भरतो का?

डिचोलीकर

नाही ताई, उलट तिथे शुक्रवारी सामूहिक नमाज असल्यामुळे जुन्या शहरातील बहुतेक दुकाने बंद असतात, निदान दुपारपासून तरी. त्या दिवशी सकाळी टॅक्सीने उत्तरेकडील टेकडीवर मरिनी राजांच्या थडग्यांपाशी जावे, तिथून संपूर्ण जुने शहर एका दृष्टीत येते. नंतर बाब बू जलूदजवळच्या जनान सबील बागेत आईंना सावलीत बसता येईल. शुक्रवारी दुपारी घरोघरी कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या कण्या आणि वर रस्सा-भाज्या, होते, ते अवश्य खावे. सोमवारी मात्र कुसकुस किंवा हरीरा हे कडधान्यांचे सूप मागवताना रस्सा मांसाचा आहे का, ते विचारावे, कारण वरून भाज्या दिसल्या तरी खालचा रस्सा बहुधा मांसाचाच असतो. त्या दिवशी बिसारा उत्तम. सुक्या बाकल्याच्या दाण्यांचे हे दाट सूप जिरेपूड आणि ऑलिव्ह तेल घालून गरम पावाबरोबर देतात. ते विकणारी लहान दुकाने बाजाराच्या रस्त्यावरच आहेत. पातेले रिकामे झाले की ती बंद होतात, म्हणून न्याहारीलाच जावे.