फोनवर सी: प्रोग्रॅम चालतो, पण थांबतच नाही

पहाटेचा_कॅन

नमस्कार. मी जत तालुक्यातला, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. लॅपटॉप नाही. पहाटे साडेपाचपासून गावातल्या दूध संकलन केंद्रावर असतो, मग कॉलेजची एसटी. केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) मशीन सांगतं, मी वहीत उतरवतो आणि दर दहा दिवसांनी बिल काढायला आमचे चेअरमन काका कॅल्क्युलेटर, दरपत्रक आणि चष्मा घेऊन बसतात. कुणाची तरी एक संध्याकाळ मोजायची राहतेच, मग दुसऱ्या दिवशी कॅनपाशी भांडण. म्हटलं, हे सी भाषेत प्रोग्रॅम लिहून करून बघू.

कॉलेजच्या लॅबमध्ये डॉसबॉक्समधला (जुनं डॉस चालवून दाखवणारा प्रोग्रॅम) टर्बो सी हा जुना कंपायलर आहे. तिथे लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालला. तोच फोनवर आणला. टर्मक्स (फोनवर कमांड चालवायचं ॲप) एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून घेतलं, क्लँग हा सी कंपायलर उतरवायला 'पीकेजी इन्स्टॉल क्लँग' दिलं, त्यात त्या दिवसाचा डेटा संपला. (कोड उच्चाराप्रमाणे मराठीत लिहितोय, चालवून घ्या.) कॉनिओ हेडर सापडत नाही म्हणाला, ते काढलं. मग क्लिअर-स्क्रीन आणि गेटसीएच या टर्बोच्या फंक्शनांवर अडला, तेही काढलं. व्हॉइड मेनवर नुसता कुरकुरला. इथवर माझं मी निस्तरलं.

आता अडलोय ते असं. डाउनलोड फोल्डरमध्ये कंपाइल होतं, ए-डॉट-आउट ही चालवायची फाईल तयार झालेली दिसते, पण चालवायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. सीएचमॉड ७७७ (सगळ्या परवानग्या द्यायची कमांड) दिलं, तरी तेच. शेवटी वैतागून सगळं टर्मक्सच्या होममध्ये हलवलं तर चाललं, पण का ते कळलं नाही.

आणि चाललं म्हणजे असं चाललं की थांबेना. आधी फाईलमधल्या ओळी मोजतो, म्हणजे किती नोंदी आहेत ते कळतं. गेटसी या फंक्शनने एकेक अक्षर उचलायचं, ईओएफ (फाईल संपल्याची खूण) येईपर्यंत. फाईल २३ ओळींची! फोन तापला, शेवटी ॲप बंद करावं लागलं. टर्बो सीमध्ये हीच फाईल, हाच कोड, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. फोनच कमी पडतोय का?

लॅबचा_किल्लीवाला

फोन कमी पडत नाही. तुमच्या लॅबमधल्या डॉसबॉक्सपेक्षा तो कितीतरी दांडगा आहे.

परमिशनचं सांगतो. डाउनलोड, फोटो वगैरे जिथे राहतात ती सगळ्या ॲपांची सामाईक जागा. अँड्रॉइड ती जागा 'नो-एक्झेक' लावून जोडतं, म्हणजे तिथली कुठलीच फाईल थेट चालवू देत नाही. सीएचमॉडचा तिथे उपयोग शून्य, कारण त्या जागेवर परवानग्यांचे बिट खऱ्या अर्थाने साठतच नाहीत. टर्मक्सचं होम मात्र त्या ॲपच्या खासगी जागेत असतं, तिथे चालतं. सोर्स फाईल डाउनलोडमध्ये राहू दे, फक्त उणे-ओ (फाईल कुठे काढायची ते सांगणारा पर्याय) देऊन तयार होणारी फाईल होममध्ये काढ.

टर्मक्स एफ-ड्रॉइडवरून घेतलंस ते बरं केलंस. अँड्रॉइड १० पासून नियम आला की नव्या एपीआयसाठी (अँड्रॉइडच्या आवृत्तीची पातळी) बांधलेलं ॲप स्वतःच्या घरातली, स्वतः लिहिलेली फाईलसुद्धा थेट चालवू शकत नाही. एफ-ड्रॉइडवरचं टर्मक्स म्हणून मुद्दाम जुन्या एपीआय २८ वर थांबलंय. नाहीतर कंपायलर ठेवून करायचं काय, लोणचं?

न थांबणाऱ्या प्रोग्रॅमचं मला जमणार नाही. पण पुढच्या वेळी ॲप मारू नकोस. आवाज कमी करायचं बटण दाबून धर आणि सी दाब. ते बटण म्हणजे टर्मक्समधला कंट्रोल.

सोल्डरताई

गेटसीचं उत्तर कशात ठेवतोस? पैज लावते, कॅरमध्ये, म्हणजे एका बाइटच्या डब्यात.

पहाटेचा_कॅन

हो ताई. कॅर सी. सरांनी तसंच शिकवलंय, आणि टर्बोमध्ये चालतंय की. कंपाइल करताना जांभळ्या अक्षरांत काहीतरी आलं होतं, पण फाईल तयार झाली म्हणून सोडून दिलं.

सोल्डरताई

त्या जांभळ्या ओळीतच तुझं उत्तर होतं. क्लँग सांगत होता की उणे एकशी केलेली ही तुलना कायमच खरी ठरणार. लाल दिसलं की आपण घाबरतो आणि जांभळं दिसलं की पुढे जातो, मीही अशीच दोन वर्षं काढली.

गेटसी कॅर देत नाही, इंट (त्याहून मोठा पूर्णांक) देतं. अक्षर असेल तर ० ते २५५, फाईल संपली की ईओएफ, म्हणजे उणे एक. असे २५७ वेगळे निरोप एका बाइटमध्ये (तिथे २५६च बसतात) मावत नाहीत, म्हणून इंट. आता कॅरला चिन्ह असावं की नसावं, हे सी भाषेच्या मानकाने ठरवलेलंच नाही, ज्याने त्याने ठरवायचं. टर्बो सीमध्ये कॅर चिन्हासकट, उणे १२८ ते १२७. त्यात उणे एक टाकलं तर उणे एकच राहतं, लूप थांबतो. अँड्रॉइडवर एआरएम प्रोसेसरला कॅर बिनचिन्हाचा. तिथे उणे एक टाकलं की त्याचे होतात २५५. मग २५५ आणि उणे एक सारखे आहेत का, हे तुझा फोन तापेपर्यंत विचारत बसतो.

एआरएमवाल्यांनी असं का केलं? मी मायक्रोकंट्रोलरवर काम करते, म्हणून याचा इतिहास पाठ आहे. एआरएमच्या सुरुवातीच्या चिपांमध्ये मेमरीतून एक बाइट उचलायची सूचना होती ती उरलेली जागा शून्यांनी भरणारी. चिन्ह सांभाळून बाइट उचलायची सूचना आर्किटेक्चरच्या चौथ्या आवृत्तीत आली. तोवर चिन्हासकट कॅर म्हणजे प्रत्येक अक्षरामागे जादा काम. तेव्हाची ती काटकसर तुझ्या फोनपर्यंत आली.

कॅर सी काढ, इंट सी लिही. 'उणे एफ साइन्ड कॅर' असा पर्याय क्लँगला देता येतो, पण तो देऊ नकोस. ते दुखणं झाकणं झालं. उलट टर्बोमध्येसुद्धा तुझा कोड चुकीचाच होता, फाईलमध्ये २५५ किमतीचा बाइट आला असता तर लूप मध्येच संपला असता. तो आला नाही, इतकंच.

आयफोनवाला_पाहुणा

मध्येच बोलतो. माझ्याकडे आयफोन आहे, ए-शेल या ॲपमध्ये हाच लूप कॅर ठेवून चालवला. मुकाट्याने थांबला. आयफोनही एआरएमच ना? मग ताईंचं एआरएमचं गणित कुठे गेलं?

सोल्डरताई

चांगला प्रश्न. ए-शेलमधला क्लँग तुमच्या चिपसाठी कोड बनवतच नाही, तो वेबअसेम्बली (ब्राउझरच्या इंजिनावर चालणारा कोड) बनवतो. बाहेरून आणलेला यंत्रकोड ॲपने चालवणं ॲपल होऊ देत नाही, म्हणून हा वळसा. आणि वेबअसेम्बलीत कॅर चिन्हासकट. आयएसएच हे ॲप घेतलंत तरी थांबेल, कारण ते आतल्या आत एक्स८६ (पीसीतल्या) प्रोसेसरचं सोंग घेतं. गंमत म्हणजे खुद्द ॲपलनेही स्वतःच्या एआरएमवर कॅर चिन्हासकटच ठेवलाय. म्हणजे सक्ती चिपची नाही, त्या त्या सिस्टिमच्या ठरावाची. वर मी सगळं एआरएमच्या गळ्यात घातलं होतं, तेवढं मागे घेते.

पहाटेचा_कॅन

इंट केलं. थांबला! २३ ओळी, बरोबर. ताई, आभार.

पण आता जे झालंय ते बघून काका म्हणाले, फोनला भूत लागलंय. लॅबमध्ये नावं इंग्रजीत होती. लोकांना आपलं नाव मराठीत लागतं म्हणून मी मराठीत टाकली. स्ट्रक्चर असं: नाव कॅर १६ चा, मग फ्लोट (दशांश आकडा) फॅट, मग फ्लोट एसएनएफ. यादी छापली तर सखारामचा 'सखारा' आणि पुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकट. बरं, तेही चाललं असतं. पण ज्या सखारामचं फॅट ३.५ त्याचं तेवढ्यावर संपतं, आणि संध्याकाळी त्याचंच फॅट ३.६ आलं की नावापुढे 'एफएफएफ@' छापतं. चार वेळा बघितलं. फॅट ३.५, काही नाही. ३.६, एफएफएफ@. दुधाच्या फॅटचा नावाशी काय संबंध?

सोल्डरताई

हे वाचून मी चहा बाजूला ठेवला आणि कागद घेतला.

यूटीएफ-८ (फोन मजकूर साठवतो ती पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, कानामात्रासुद्धा वेगळी. सखाराम म्हणजे स, ख, काना, र, काना, म. सहा त्रिक अठरा, शेवटचा शून्य धरून १९. तुझी खोली १६ ची. उरलेले ३ बाइट शेजारच्या खोलीत, म्हणजे फॅटच्या जागेत घुसले. मग तू फॅट वाचलंस, त्याने ते बाइट पुसून आपले ४ बाइट लिहिले. नावाकडे 'म' चा पहिलाच बाइट उरला, तो तुझा काळा चौकट.

छापताना सी शून्य बाइट दिसेपर्यंत पुढे पुढे जातो. ३.५ हा आकडा फ्लोटमध्ये अगदी नेमका बसतो, त्यामुळे मेमरीत त्याचा पहिला बाइटच शून्य. नाव तिथे संपलं. ३.६ बायनरीत नेमका बसत नाही, त्याचे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ६६, ६६, ६६, ४०. आता आस्कीचा (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर त्याचा) तक्ता काढ: ६६ म्हणजे धाकटा एफ, ४० म्हणजे @. तू नावापुढे सखारामच्या दुधाचं फॅट वाचत होतास. पुढे एसएनएफ ८.५ असणार, त्याचाही पहिला बाइट शून्य, म्हणून तिथे थांबलं.

नावाला ६४ दे आणि वाचताना मर्यादा ६३ घाल, टक्के-एसच्या (शब्द वाचायच्या खुणेच्या) मध्ये.

जाता जाता: बिलाचे पैसे फ्लोटमध्ये ठेवू नकोस, इंटमध्ये पैशांत ठेव. टर्बोमध्ये इंट १६ बिटांचा होता, ३२७ रुपये ६७ पैशांच्या पुढे बिल उलटं झालं असतं. तुझ्या फोनवर ३२ बिटांचा आहे, २ कोटी १४ लाखांपर्यंत काळजी नाही.

लॅबचा_किल्लीवाला

२ कोटींचं दूध घालणारा जतला कुणी असेल तर माझा नमस्कार सांगा.

पहाटेचा_कॅन

६४ केलं, भूत गेलं. काकांना आस्कीचा तक्ता दाखवला, त्यांनी तो उलटा धरून बघितला आणि म्हणाले, बरं.

एकच राहिलं. रकाने वाकडे येतात. नावाला १५ ची जागा सोडली तरी सखाराम आणि पांडुरंग यांच्यापुढचे आकडे एका रेषेत येत नाहीत.

सोल्डरताई

प्रिंटएफ (छापायचं फंक्शन) अक्षरं नाही, बाइट मोजतो. १५ बाइट सखारामलाच पुरत नाहीत, तर जागा सोडणार कुठून? तू लांबी मोजून रिकाम्या जागा भरत बसलास तरी काना, अनुस्वार आणि उकाराला रुंदी किती धरायची हे फोनचा फॉन्ट ठरवतो. त्या नादाला लागू नकोस.

पहाटेचा_कॅन

मग आकडे आधी छापतो आणि नाव शेवटच्या रकान्यात. आत्ताच करून बघितलं, सरळ आलं. निघतो, पहिले कॅन आलेत.