मदत हवी आहे: आरपीजी संमेलनाला एकट्यानं गाडीनं जायचं आहे, आज रात्री फॉर्म बंद!

वऱ्हाडी_फासा
लवकर सांगा, रात्री बारा वाजता फॉर्म बंद होते. शनिवार-रविवार टेबलटॉप आरपीजीचं, म्हणजे फाशांच्या रोलप्ले खेळाचं, संमेलन आहे, मी एकटाच गाडीनं चाललो. शुक्रवारी सकाळी निघीन, समृद्धी घरापासून जवळ आहे. दोन ठिकाणी अडून बसलो. एक, 'लेव्हल ३ चं पात्र तयार करून आणा' असं लिहिलं आहे, माझं पात्र लेव्हल ५ चं आहे. दोन, शनिवारी सकाळी साडेनऊचं टेबल घेऊ की दुपारी तीनचं? 'शोधून पाहा' म्हणू नका, इथं नेटवर्क गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही.

सह्याद्री_डीएम
कुठलं शहर? कुठली गेम? डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) असेल तर २०१४ च्या नियमांनी की २०२४ च्या? याशिवाय पात्राबद्दल काहीच सांगता येणार नाही.

चाकं_चार
समृद्धीनं जाताय तर माझं ऐका. टायर जुने असतील तर आधी बदला. काँक्रीटवर ताशी १२० नं तासन्‌तास गाडी पळाली की टायर तापतात, जुना टायर तिथंच फुटतो. पहाटे हवा तपासा. रस्ता सरळसोट, डोळ्यांपुढं काही बदलत नाही, त्यामुळं झोप नसली तरी डोकं सुन्न होतं. दर तासाभरानं थांबून खाली उतरा. टाकी भरूनच वर चढा.

झाडीची_माती
रोलप्ले म्हणजे नाटकच ना भाऊ? मग आमच्याकडं या! दिवाळी झाली की वडशाहून नाटक कंपन्या निघतात, गावोगाव रात्रभर प्रयोग. पाच हजार माणूस थंडीत घोंगडी घेऊन बसते. एवढ्या दूर कशाला जाता?

वऱ्हाडी_फासा
नाटक नाही जी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवते, बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करायचं ते सांगतात, जमलं की नाही ते फासे ठरवतात. गेम डी अँड डीच, फॉर्मवर २०२४ लिहिलं आहे. शहर पुणे. मी कारंज्याजवळचा.

सह्याद्री_डीएम
२०२४ असेल तर लेव्हल ३ का मागतात ते सोपं आहे. या नियमांत प्रत्येक क्लासला (पात्राच्या प्रकाराला) सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, तिसऱ्या लेव्हललाच मिळतो, म्हणजे सगळे सारख्या पायरीवर. ५ ला लढवय्यांना दुसरा हल्ला आणि जादूवाल्यांना फायरबॉल मिळतो. तीनवाल्यांच्या टेबलावर तुम्ही एकटेच सगळं मारून टाकाल, बाकीच्यांनी काय करायचं? तुमचा क्लास कोणता?

वऱ्हाडी_फासा
फायटर, चॅम्पियन.

सह्याद्री_डीएम
मग अर्ध्या तासाचं काम. चॅम्पियन ठेवा, फाशावर १९-२० ला क्रिटिकल (जबर फटका) तिसऱ्या लेव्हललाही मिळतोच. दुसरा हल्ला खोडा. पाचवीच्या आधी प्रोफिशियन्सी बोनस (सरावाची बेरीज) +३ नाही, +२ असतो, तो सगळीकडं बदला. चौथ्या लेव्हलला घेतलेला फीट (जादा कसब) काढा, त्यानं वाढलेला गुणही उतरवा. हिट पॉइंट (पात्राचा जीव): कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे चिवटपणा, १४ असेल तर पहिल्या लेव्हलचे १२, पुढच्या दोन्हींचे ८-८, एकूण २८. आणि हे कागदावर लिहून न्या, मोबाईलवर विसंबू नका.

हजार_मुखांचा
डी अँड डीच्या मागं सगळे का लागतात? १९८१ पासून 'कॉल ऑफ क्थुलू' आहे, शंभरातला आकडा पाडा, कौशल्याच्या आत आला की जमलं. हिशेब नाही, लेव्हल नाही. भाऊ, फॉर्म बदलून भयकथेचं टेबल घ्या.

सह्याद्री_डीएम
ते पात्राबद्दल विचारताहेत, गेम बदलण्याबद्दल नाही.

हजार_मुखांचा
पात्राची अडचण गेममुळंच आली आहे ना? मी मुळावर बोलतोय. नव्या माणसाला नियमांच्या जंगलात ढकलून तुम्हीच लोकांना पळवून लावता.

काळी_माती
फासा भाऊ, एक विचारतो. गाडी कोणती?

वऱ्हाडी_फासा
१२५ सीसी. चार वर्षं जुनी, दणकट आहे.

काळी_माती
मग समृद्धीचं नाव काढू नका! दुचाकीला तिथं चढूच देत नाहीत, नाक्यावरून परत पाठवतात. जुना रस्ता धरा: शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सुलतानपूर, सिंदखेडराजा, जालना, संभाजीनगर, मग अहिल्यानगरवरून पुणे. पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात. एका दिवसात रेटू नका, संभाजीनगरला मुक्काम करा. मालेगाव-मेहकर पट्ट्यात अंधार पडल्यावर रोही (नीलगाय) आणि डुक्कर रस्त्यावर येतात, हेल्मेट असलं तरी रोही धडकला तर माणूस वाचत नाही.
आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे. संभाजीनगर ते पुणे २३५ च्या आसपास. पहाटे सहाला निघालात तरी शिक्रापूर-वाघोलीची गर्दी धरून दुपारच होईल. साडेनऊचं टेबल चुकलंच समजा. तीनचं घ्या.

चाकं_चार
दुचाकी होती तर आधी सांगायचं होतं. आता माझा सल्ला: बाईकनं जाऊच नका. मूर्तिजापूरला लावा आणि महाराष्ट्र एक्सप्रेस धरा.

काळी_माती
रस्त्यानं जायचं म्हणून माणूस निघाला आहे, तुम्ही त्याला रेल्वेत बसवता.

जुनी_कारंजेकर
रेल्वेचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमची शकुंतला यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जायची. ११३ किलोमीटरची लहान रुळांची गाडी, वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं. आज ती धावत असती तर या लेकराला मूर्तिजापूर गाठायला बाईकही लागली नसती. रूळ अजून तसेच पडून आहेत, कोणी तरी यावर बोला.

वऱ्हाडी_फासा
मावशी, शकुंतलेसाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथं. पण मला रस्त्यानंच जायचं आहे. रोज कृषी केंद्रात बसतो, हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी सोमवारपासून. त्याआधी हे दोन दिवस माझे आहेत.
तीनचं टेबल भरतो. आता शेवटचं, आणि हेच खरं विचारायचं होतं. तिथं टेबलावर इंग्रजीतच बोलावं लागते का? आम्ही चौघं घरी वऱ्हाडीतच खेळतो. माझा फायटर 'काऊन बे, कुठं चालला' म्हणूनच तलवार काढते. इंग्रजीत मला त्याचं तोंडच सापडत नाही.

सह्याद्री_डीएम
पुण्यात मी ज्या टेबलांवर बसलो तिथं 'सेव्हिंग थ्रो', 'आर्मर क्लास' असे शब्द इंग्रजीत, बाकी मराठी-हिंदी-इंग्रजी जे तोंडी येईल ते. फॉर्ममध्ये 'इतर माहिती' असेल तिथं स्पष्ट लिहा: पात्र वऱ्हाडीत बोलेल. चांगला डीएम (गोष्ट चालवणारा) तुम्हाला एखादा वऱ्हाडी सराईवाला नक्की देईल. आणि तो फायटर बदलू नका.

हजार_मुखांचा
हे मात्र बरोबर. वऱ्हाडीतच बोला.

झाडीची_माती
मला अजून समजलं नाही, तिकीट कितीचं असते आणि प्रेक्षक कुठं बसतात?

काळी_माती
रविवारी दुपारी बारानंतर पुण्यातून निघू नका, अंधार जालन्याच्या आधीच गाठेल. सकाळी सहाला निघा. संभाजीनगरला जेवण, आणि उशिरा निघून जालन्यात दिवस मावळलाच तर तिथंच मुक्काम. सोमवारी दुकान कोण उघडेल ते आजच ठरवून ठेवा.