मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला: कोणत्या दुखण्याला पुरतो आणि कोणत्याला पुरत नाही?

बोरिवली_पूर्व

नमस्कार. आमच्या घरात मी, यजमान, सात वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे अशी पाच माणसे आहोत. सासऱ्यांचे वय ७४ असून त्यांना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. ज्या फॅमिली डॉक्टरांकडे आम्ही सगळे वीस वर्षे जात होतो, त्यांनी वयोमानामुळे गेल्या दिवाळीत दवाखाना बंद केला. आम्ही दोघेही फोर्टला नोकरी करतो. लोकलने घरी पोहोचेपर्यंत साडेआठ होतात आणि त्यानंतर एखाद्या नव्या दवाखान्यात नंबर लावला की दहा वाजून जातात. त्यामुळे किरकोळ दुखण्यांसाठी आम्ही मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागलो.

अनुभव दोन्ही प्रकारचे आले. मुलाचे डोळे आले तेव्हा एका डॉक्टरांनी व्हिडिओवर त्याला खिडकीपाशी उभे करून दोन्ही डोळे नीट पाहिले, उजेड सहन होतो का, अंधुक दिसते का हे विचारले, आणि तसे काही वाटल्यास नेत्रतज्ज्ञांकडेच जा असे बजावले. चार दिवसांत तो बरा झाला. याउलट, मागच्या महिन्यात एका रविवारी रात्री मला लघवीला जळजळ होऊ लागली म्हणून मी दुसऱ्या एका अ‍ॅपवर सल्ला घेतला. पलीकडच्या डॉक्टरांनी लेखी संदेशांतूनच दोन-तीन प्रश्न विचारले. ताप आहे का, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, गरोदर असण्याची शक्यता आहे का, यांपैकी काहीही विचारले नाही आणि सहा मिनिटांत अँटिबायोटिकची चिठ्ठी पाठवली. दोन दिवसांत मला बरे वाटले, पण दहाव्या दिवशी जळजळ पुन्हा सुरू झाली आणि आज ती तिसऱ्यांदा होत आहे.

अशा सल्ल्यावर किती विसंबावे, सासऱ्यांच्या बाबतीत तो घ्यावा की नाही, आणि अशी चिठ्ठी नियमाला धरून असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डॉक्टर_पार्ले

मी ३२ वर्षे जनरल प्रॅक्टिस करत आहे आणि गेली काही वर्षे माझ्या रुग्णांना व्हिडिओवरही सल्ला देतो. आधी तुमच्याविषयी. तिसऱ्यांदा होणारी जळजळ पडद्यावर सोडवण्याची नाही. नव्याने कोणतेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून कोणते औषध लागू पडेल ते पाहणारी तपासणी) करून घ्या. औषधाचा एक डोस जरी पोटात गेला तरी कल्चरमध्ये जंतू न उगवण्याची शक्यता असते, म्हणून नमुना आधी आणि गोळी नंतर. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखू लागले किंवा उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असण्याची शंका घ्यावी आणि अहवालाची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

नियमांचे म्हणाल, तर २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. त्यापलीकडची औषधे रुग्णाच्या पहिल्याच सल्ल्यात द्यायची असतील, तर ती व्हिडिओवर रुग्णाला पाहूनच द्यावीत असे त्यांत म्हटले आहे, आणि शेड्यूल एक्स या सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीतील औषधे अशा सल्ल्यातून देताच येत नाहीत. त्यामुळे केवळ लेखी संदेशांवरून पहिल्याच वेळी तुम्हाला अँटिबायोटिक मिळणे या तत्त्वांत बसत नाही. ‘पहिला सल्ला’ याचा अर्थही तिथे स्पष्ट केलेला आहे: त्या डॉक्टरांना तुम्ही प्रथमच दाखवत असाल, मागील सल्ल्याला सहा महिने उलटून गेले असतील किंवा दुखणे वेगळे असेल, तर तो पहिलाच धरायचा.

आता पडद्यावरून काय साधते ते सांगतो. डोळ्यांना दिसणारे आणि रुग्णाला नीट सांगता येणारे दुखणे बहुतांशी निभते. अंगावर उठलेल्या गांधी, डोळे येणे, साधी सर्दी, पाणी कमी न झालेले जुलाब, नेहमीच्या अर्धशिशीचा झटका, चालू औषधांच्या मात्रेविषयीची शंका, तपासणीचे अहवाल समजून घेणे, यांसाठी लोकलचे धक्के खात येण्याची गरज नसते. लहान मुलाला खोकला असेल तर मी त्याच्या अंगातला सदरा काढायला सांगतो. श्वास मिनिटाला किती वेळा चालतो आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का, हे पडद्यावर स्पष्ट दिसते, आणि तसे दिसले तर मी सल्ला तिथेच थांबवून मुलाला रुग्णालयात पाठवतो. मात्र जिथे हात लावावा लागतो तिथे पडदा लंगडा पडतो. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे पोटदुखणे अपेंडिक्सचे आहे का, हे पोट दाबून पाहिल्याशिवाय ठरवू नये. मुलाचा कान दुखत असेल तर कानाचा पडदा लाल झाला आहे का ते यंत्राने आत पाहिल्याशिवाय कळत नाही. छातीतली घरघर फोनवरून ऐकता येत नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर ते बाळ प्रत्यक्षच तपासायला हवे.

छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बेशुद्धी किंवा न थांबणारा रक्तस्राव यांत कोणतेही अ‍ॅप उघडत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. तुमच्या मागच्या डॉक्टरांकडे वीस वर्षांची नोंद होती आणि त्याहून मोलाची अशी ओळख होती; सासऱ्यांचा आवाज ऐकूनच आज काही बिनसले आहे हे त्यांना समजत असणार. ती ओळख दर वेळी नव्या माणसाशी जोडून देणाऱ्या अ‍ॅपवर मिळत नाही. म्हणून घराजवळचा एखादा डॉक्टर आताच, कोणी आजारी नसताना, निवडा. सगळ्यांनी एकदा जाऊन त्यांना प्रत्यक्ष दाखवा आणि पुढचा सल्ला ते व्हिडिओवर देतील का ते विचारून घ्या.

घाटकोपरची_लेक

सासऱ्यांविषयी तुम्ही विचारले आहे म्हणून आमच्या घरी घडलेले सांगते. माझे वडील ६९ वर्षांचे आहेत आणि त्यांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. एका रात्री जेवणानंतर त्यांना पोटाच्या वरच्या भागात भरल्यासारखे वाटू लागले. ते म्हणाले, “अ‍ॅसिडिटी आहे, गोळी दे, झोपतो.” माझ्या मनाची खात्री होईना, म्हणून मी व्हिडिओवर सल्ला घेतला. डॉक्टर बाईंनी आधी खोलीतला मोठा दिवा लावायला सांगितला, मग वडिलांच्या कपाळावरून हात फिरवून तो ओला होतो का ते पाहायला सांगितले. कपाळ घामाने थबथबलेले होते आणि पंखा पूर्ण वेगाने चालू होता. तीन मिनिटांच्या आत त्या म्हणाल्या, “ताई, मी इथेच थांबते. यांना गोळी देऊन झोपवू नका. ईसीजी निघेल अशा ठिकाणी यांना आत्ता न्या.” त्यांनी औषध काहीच दिले नाही म्हणून त्या क्षणी मी नाराज झाले होते, हे मी कबूल करते. रुग्णालयात ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका असल्याचे निघाले. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो, हे आम्हाला तिथे कळले.

त्यामुळे वृद्ध आणि मधुमेही माणसाच्या बाबतीत, नेहमीच्या औषधांचा आढावा घ्यायचा असेल किंवा साखरेचे आकडे दाखवायचे असतील तर व्हिडिओचा सल्ला उत्तम. पण काही नवे आणि अचानक सुरू झाले असेल तर प्रत्यक्षच दाखवावे असे माझे मत आहे.

तयारीविषयीही थोडे लिहिते. आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर वडिलांची सर्व औषधे मात्रेसह, अ‍ॅलर्जी, जुन्या शस्त्रक्रिया आणि शेवटच्या तपासण्यांचे आकडे आहेत. घरात थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसवावे आणि दंडाला आधार द्यावा; ऑक्सिमीटर लावताना बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी नसावी, नाहीतर आकडा चुकू शकतो. त्वचेचे दुखणे असेल तर दिवसाच्या उजेडात एक फोटो जवळून आणि एक लांबून काढावा, शेजारी रुपयाचे नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो. सासऱ्यांना ऐकू कमी येत असेल तर शेजारी तुम्ही बसा, पण उत्तरे त्यांनाच देऊ द्या. मी सुरुवातीला वडिलांच्या वतीने बोलत राहिले आणि त्यांच्या तोंडून आली असती ती माहिती राहून गेली.

औषधवाला_दादर

दुकानाच्या बाजूने सांगतो. मोबाइलवर आलेली चिठ्ठी चालते. तिचा फोटो किंवा डिजिटल प्रत असली तरी हरकत नाही. मात्र तिच्यावर डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, रुग्णाचे नाव आणि वय असायला हवे. नोंदणी क्रमांक नसेल तर मी औषध देत नाही, आणि गिऱ्हाईक रागावले तरी देत नाही. डॉक्टर महाराष्ट्रात नोंदलेले असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव शोधता येते. परराज्यात नोंदलेल्या डॉक्टरांनाही मुंबईतल्या रुग्णाला सल्ला देता येतो, त्यामुळे इथल्या यादीत नाव नाही एवढ्यावरून लगेच शंका घेऊ नये.

अनेक तीव्र अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ या, चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत येतात. त्यांच्या पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, आणि विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आम्हाला रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपावे लागते. जुनी चिठ्ठी दाखवून “मागच्या वेळी याच गोळीने बरे वाटले होते” असे सांगणारे रोज येतात. ताई, तुमच्या बाबतीत तर तसे मुळीच करू नका. अ‍ॅपने सुचवलेल्या ठिकाणाहूनच औषध घेण्याचे बंधन तुमच्यावर नसते. चिठ्ठी तुमची आहे, ती कोणत्याही दुकानात न्या.

पैशांची ओढाताण असणाऱ्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की ‘ई-संजीवनी’ ही केंद्र सरकारची ऑनलाइन ओपीडी आहे आणि तिथे सल्ल्याचे शुल्क लागत नाही.

बोरिवली_पूर्व

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उद्या सकाळी कामावर जाण्यापूर्वी नमुना देऊन येते. डॉक्टर, आणखी एक विचारते. काल पावसात आमच्या सोसायटीच्या दारात गुडघाभर पाणी होते आणि मुलगा शाळेतून त्यातूनच चालत आला. त्याच्या पायावर ओरखडा आहे. ताप नाही. यासाठी व्हिडिओवरचा सल्ला चालेल का?

डॉक्टर_पार्ले

चालेल, पण आजच घ्या. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चालल्यानंतर २४ ते ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध घ्यावे, असे मुंबई महानगरपालिकेचा आरोग्य विभाग दर पावसाळ्यात सांगतो. मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिन देतात. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते टाळून दुसरे औषध दिले जाते, म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. सल्ला घेताना मुलाचे आजचे वजन सांगा, ओरखडा कॅमेऱ्यासमोर दाखवा आणि स्वतः त्याच्याजवळ बसा, कारण अल्पवयीन मुलाला असा सल्ला मोठ्या माणसाच्या उपस्थितीतच देता येतो. पाय आताच साबणाने धुऊन घ्या. व्हिडिओचा नंबर लवकर लागत नसेल तर पालिकेच्या जवळच्या दवाखान्यात न्या.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याला ताप आला, तर मात्र पाण्यातून चालल्याचे सांगून प्रत्यक्ष तपासून घ्या. पावसाळ्यात मुंबईत ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो तिन्हींचा विचार करावा लागतो आणि त्यासाठी रक्त तपासावे लागते. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच द्यावे. डेंग्यू असल्यास आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरला म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण त्याच सुमारास पोट दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती अशी लक्षणे दिसू लागतात, आणि तशी दिसली तर रुग्णालयातच न्यावे.

बोरिवली_पूर्व

मुलाला त्याच संध्याकाळी व्हिडिओवर दाखवले; डॉक्टरांनी वजन विचारून औषध लिहून दिले आणि तो ठीक आहे. माझ्या कल्चरचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. पहिल्या वेळी मला दिलेले अँटिबायोटिक त्या जंतूवर चालतच नव्हते. स्टेशनजवळच्या एका डॉक्टर बाईंना अहवाल दाखवला. त्यांनी अ‍ॅलर्जी आणि पाळीची तारीख विचारून दुसरे औषध दिले आहे आणि औषध संपल्यावर आठवड्याने व्हिडिओवर बोलायला सांगितले आहे. येत्या शनिवारी सासू-सासऱ्यांना घेऊन त्यांच्याकडेच जाणार आहोत. सासऱ्यांची वही कालपासून लिहायला घेतली आहे.