संरक्षण उत्पादनात खासगी भांडवलाचे घोडे कुठे पेंड खाते?

भोवरा:
आपल्याकडे २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी उद्योगांना खुले झाले आणि २०२० मध्ये स्वयंचलित मार्गाने येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेण्यात आली. तरीही माझ्या परिचयातले गुंतवणूकदार या क्षेत्रातील नवउद्योगांपासून चार हात दूरच राहतात. असे का व्हावे?

कानस:
खरी अडचण भांडवलाची नसून चाचणी आणि मागणी यांच्यामधल्या काळाची आहे. ‘अटॅग्स’ या १५५ मिमी तोफेचा प्रकल्प डीआरडीओने २०१३ मध्ये हाती घेतला, भारत फोर्ज आणि टाटा समूह त्यात भागीदार होते, आणि ३०७ तोफांचा करार झाला तो मार्च २०२५ मध्ये. मोठा समूह एवढा काळ तग धरतो, कारण त्याचे बाकीचे कारखाने चालू असतात. वीस माणसांच्या कंपनीला तिसऱ्या वर्षीच पगाराची विवंचना लागते.

तिफण:
आम्ही लहान ड्रोनसाठी बॅटरी-संच बनवतो. सपाटीवर उत्तम चाललेल्या आमच्या नमुन्याचा व्होल्टेज उंचावरच्या थंडीत इतका घसरला की उड्डाणाचा वेळ निम्म्यावर आला. दोष आमचाच होता आणि संचाला ऊब देणारे आवरण घालून तो आम्ही दूरही केला. फेरचाचणी मात्र पुन्हा ‘एनसीएनसी’ पद्धतीची, म्हणजे नमुना, वाहतूक, माणसे सारे आमच्या खर्चाने आणि खरेदीची हमी शून्य. आयडेक्सचे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या नवउद्योगांसाठीच्या योजनेचे, दीड कोटींपर्यंतचे अनुदान नमुना उभा करायला उपयोगी पडते, त्यानंतरची वाट पाहायला नाही.

भोवरा:
मग चाचण्याच कमी कराव्यात का?

तिफण:
मुळीच नाही. आमचा दोष चाचणीतच उघड झाला, हे बरेच झाले.

कानस:
सहमत. शिवाय यशस्वी उत्पादनाचीही हीच गत आहे. एल अँड टीने हजिऱ्यात कोरियन तंत्रज्ञानावर बांधलेल्या के-९ वज्र तोफांपैकी शंभरावी फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराला मिळाली. पुढच्या शंभर तोफांचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. मधल्या पावणेचार वर्षांत या तोफेचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखानदाराने खास नेमलेले कुशल कारागीर कशाच्या जोरावर टिकवायचे? एकदम मोठी मागणी नोंदवून मग गप्प बसण्याऐवजी दरवर्षी थोडी पण ठरलेली खरेदी झाली, तर तो करार दाखवून बँकेतून खेळते भांडवल मिळते, आणि तुमचे गुंतवणूकदारही आकडेमोड करायला बसतील.