मदत हवी आहे: रक्ताशी संबंधित जुन्या-नव्या इंग्रजी शब्दांतला फरक

नमस्कार मंडळी. एका जुन्या इंग्रजी मजकुराचं भाषांतर करतेय आणि रक्ताच्या शब्दांवर अडलेय. 'ब्लडी' आणि 'गोर' ठीक आहेत. (गोरचा जुन्या इंग्रजीतला अर्थ शेण, घाण! साकळलेलं रक्त हा अर्थ नंतरचा.)

खरा घोळ 'सँग्विन' आणि 'सँग्विनरी'चा. दोन्ही लॅटिन 'सँग्विस'मधून आलेले, पण पहिला आज आशावादी माणसाला लावतात, दुसरा रक्तपाताला. शरीरातल्या चार द्रवांच्या जुन्या कल्पनेत रक्त जास्त असलेला माणूस लालबुंद आणि आनंदी मानत, त्यातून आशावादाचा अर्थ आला. पण जुन्या लेखनात सँग्विन 'रक्तरंजित' अर्थानेही येतो, मग ओळखायचं कसं?

त्यात 'क्रूएंटस' (रक्ताने माखलेला) हा कालबाह्य इंग्रजी शब्द. त्याचं मूळ लॅटिन 'क्रूओर', म्हणजे जखमेतून सांडलेलं रक्त; सँग्विस मात्र अंगात वाहणारं. आपला 'क्रूर' याच कुळातला, हे कळल्यावर मजा वाटली.

क्रूएंटससाठी 'रक्तबंबाळ' लिहू की 'रक्ताळलेला'? सँग्विनरीला 'रक्तपिपासू' माणसासाठी चालेल, पण लढाईसाठी काय? जाणकारांनी वाक्यात वापरून दाखवलं तर फार बरं होईल.